अर्ध्या कानाचा सार्जंट

ब्रेमानसो, घाना
१२ फेब्रुवारी १९९४

बोआदू,

'प्रिय' लिहायला मी विसरले नाही, मुद्दामच गाळलं.

बाबा गेले. मंगळवारी सकाळी अंगणात बसून दात घासत होते. मी आत चुलीपाशी होते. बाहेर आले तर मान खाली, दातण तोंडातच. मला वाटलं डुलकी लागली. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ओरडले. शेजारणी धावत आल्या. पुढचं तुला सांगून काय उपयोग? तू हॅम्बुर्गमध्ये बसून 'अरेरे' म्हणशील, फार तर दोन दिवस कामावर जाणार नाहीस.

बाबांना शवागारात ठेवलंय. त्यांच्या कुळाची बैठक झाली, ग्याउकाका प्रमुख म्हणून बसले होते. माती द्यायचा दिवस ठरला शनिवार, २६ मार्च. सहा आठवडे मुद्दाम ठेवले, तुला यायला. ग्याउकाका मला सगळ्यांसमोर म्हणाले, "दुफी, भावाला कळव. बापाची शवपेटी मुलांनी आणायची असते, हे तिकडच्या बर्फात विसरला असेल तर आठवण कर." सगळे हसले. मीही हसले, काय करणार? मान खाली घालायला जमिनीवर जागा नव्हती, इतकी माणसं होती.

मी अजून किल्ल्यातच आहे. तेच काम, तेच लष्करी संग्रहालय, त्याच तोफा. शाळेची पोरं येतात, परदेशी पाहुणे येतात, मी त्यांना खोल्या दाखवते. बर्माच्या खोलीतला फोटो तिथेच आहे. डोक्यावर मशीनगनचा सांगाडा घेऊन नदीतून चालणारा, हसणारा जवान. खाली तीच पाटी, 'सार्जंट क्वाबेना अदुसेई, बर्मा, १९४४'. आणि मी रोज तेच नाव मोठ्यानं वाचून दाखवते. हो, अजून. तू थुंकून गेलास त्या जागेवर मी अकरा वर्षं उभी आहे.

तुझा राग मला माहीत आहे. बाबांनी पाटीवरचं नाव बदलायचा अर्ज मागे घेतला, आपलं नाव स्वतःच्या हातानं विकलं, असं तू म्हणालास आणि निघून गेलास. ठीक आहे. पण मेलेल्या माणसाशी कुणी इतकं ताणत नाही रे. ये. पेटी घेऊन ये, नाहीतर इथे येऊन सुतार गाठू. पण ये.

दुफी


२ मार्च १९९४

बोआदू,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, दीड ओळ! 'ज्याला त्यांनी नाव विकलं, त्यानंच त्यांची पेटी आणावी.' वा! तिकीट लावायला जीभ तरी कशी उचलली तुझी?

तर मग ऐक. तुझी इच्छा पुरी होतेय. काल पाटीवरचे ते नाना अदुसेई स्वतः ग्याउकाकांकडे येऊन गेले. अंगावर काळं वस्त्र, हातात सोनेरी मुठीची काठी, बरोबर दोन माणसं ताडीचे घडे घेऊन. म्हणाले, "याव माझा मामेभाऊ. आम्ही एका ताटात जेवलेले. पोरांना जमत नसेल तर पेटी मी देतो. राजधानीतून मागवतो, पितळी कड्यांची." कुळातल्या म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले. एक जण म्हणाला, "याला म्हणतात मन!" मला वाटलं उठावं आणि त्या घड्यावर लाथ मारावी.

ग्याउकाकांनी एवढंच ठरवलं की शुक्रवारपर्यंत, म्हणजे २५ तारखेपर्यंत, मुलांची पेटी दारात आली नाही तर नानांची घ्यायची. म्हणजे कळतंय का तुला? बाबा जिवंतपणी त्या माणसाच्या नावाखाली राबले. आता मेल्यावरही त्याच्याच डब्यात घालून त्यांना पुरणार.

तू फोटो बघून चिडायचास, पण मूळ गोष्ट बाबांनी तुला कधी नीट सांगितली नाही. मला सांगितली, एकदाच, शेंगा सोलता सोलता. त्रेचाळीस साली सरदारानं गावाकडून जवान मागितले. यादीत आजोबांच्या घरातून क्वाबेना अदुसेईचं नाव आलं, म्हणजे त्यांच्या बहिणीच्या मुलाचं. आजोबांच्या लेखी तो वारस, त्यांची गादी चालवणारा. पोटचा मुलगा काय, तो तर बायकोच्या कुळाचा! बाबांची आई वारलेली, तिचे भाऊ लांब कोकोच्या मळ्यात. विचारणार कोण? आजोबांनी बाबांना पहाटे उठवून लॉरीत चढवलं आणि सांगितलं, "नाव विचारलं तर अदुसेई सांग. परत आलास की तुझं नाव तुला परत."

बाबा म्हणाले, "मी तर गंमत समजलो गं. वीस वर्षांचा होतो. लॉरीत बसायला मिळतंय म्हणून खूश." मग बोट, मग हिंदुस्थान. नाशिक नावाच्या गावाजवळ छावणी होती म्हणे, रोज डाळ, डाळ आणि डाळ. मग बर्माचं जंगल. डोक्यावर तोफेचे भाग, पायात जळवा. सार्जंटची पट्टी मिळाली, पदक मिळालं. सगळ्या कागदांवर अदुसेई. परत आले तेव्हा आजोबांनी सैन्यातली नोंदवही आणि पदक दोन्ही काढून घेतली आणि ज्याचं नाव होतं त्याच्या हातात दिली. अदुसेई घरी बसून लिहायला-वाचायला शिकला होता. तोच माजी सैनिकांचा पुढारी झाला, दर वर्षी किल्ल्यात पदक लावून फिरू लागला. बाबा कसावा लावत राहिले.

आणि तो डावा कान! लहानपणी कुत्र्यानं बाबांचा अर्धा कान तोडला होता, तो फोटोत स्पष्ट दिसतो. नाना दर वर्षी आपले दोन्ही धडधाकट कान घेऊन त्या फोटोपुढे उभे राहतात, आणि कुणाचीही मान एकदाही इकडून तिकडे वळत नाही. शाळेतल्या एका पोरीनं मात्र मला विचारलं होतं, "बाई, या सैनिकाचा कान कुठे गेला?" मी तिला म्हटलं, पुढे चल.

तू ये. हात जोडते, ये.

दुफी


५ मार्च १९९४

बोआदू,

उत्तराची वाट न बघता लिहितेय. तू येणार नाहीस ते एका कारणासाठी, आणि ते कारण खोटं आहे.

बाबांनी अर्ज मागे घेतला नाही. मी घेतला.

हं. लिहिलं एकदाचं.

त्र्याऐंशी साल आठव. जंगलं जळलेली, बाजारात कसावाचं मूळसुद्धा नाही. माझा नवरा लागोसला गेलेला. तिथून आपल्या लाखो लोकांना हाकलून लावलं, सगळ्यांचे नवरे डोक्यावर गाद्या घेऊन परतले, माझा आला नाही. दोन पोरं घरात, धाकटीचे पाय काडीसारखे. तू अर्ज लिहून किल्ल्यात दिलास, संग्रहालय सांभाळणाऱ्या कप्तानसाहेबांनी चौकशी लावतो म्हटलं. बाबा त्या आठवड्यात किती बोलत होते, आठवतं? नदीचं नाव, अधिकाऱ्याचं नाव, कुठल्या दिवशी फोटो काढला, सगळं. चाळीस वर्षं गप्प बसलेला माणूस!

आणि मग नाना अदुसेई माझ्या दारात आले. संग्रहालयाच्या समितीवर होतेच ते. खाली बसले नाहीत. म्हणाले, "दुफी, किल्ल्यात वाटाड्याची जागा आहे. शिकलेली बाई पाहिजे. शिवाय सैनिकांच्या कोठारातून मक्याचं पोतं. तुझ्या बापाचा अर्ज मागे घेतल्याचा कागद आण आणि उद्यापासून ये." धाकटी तिथेच मातीत बसून माती खात होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

बाबांना हिवताप होता. मी कागद लिहिला. त्यांचा अंगठा शाईत बुडवला आणि उमटवला. त्यांना ग्लानी होती, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगतेय. संध्याकाळी ताप उतरल्यावर त्यांनी अंगठा बघितला. जांभळा. मला विचारलं, "मी कशावर सही केली गं, पोरी?" मी म्हटलं, "दवाखान्याचा कागद होता." ते म्हणाले, "बरं." आणि अंगठा पांघरुणाला नव्हे, स्वतःच्या अंगाला पुसला. त्यांना कळलं होतं, बोआदू. त्याच क्षणी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू कप्तानाच्या टेबलावर कागद बघून आलास आणि बाबांवर तुटून पडलास. भित्रा म्हणालास. मिंधा म्हणालास. एवढंच नाही, "तुम्ही अर्धा कान आणि अख्खी लाज गमावलीत" म्हणालास. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हातारा झालो रे. कटकट नको." माझ्या पोरांच्या तोंडातला मका वाचवायला त्यांनी तुझ्या तोंडच्या शिव्या गिळल्या. आणि मी त्यांना गिळू दिल्या.

आता माझ्यावर थुंक, हवं तेवढं. पण बापाची पेटी घेऊन ये.

दुफी


२२ मार्च १९९४

बोआदू,

आज तुझं उत्तर आलं. हे पत्र तुला माती झाल्यावरच मिळेल, तरी लिहितेय. नाहीतर कुणाशी भांडू?

म्हणजे तुला माहीत होतं!

'तुझं अक्षर मी टेबलावरच ओळखलं. शेवटच्या ओळीखाली शेपटी काढायची तूच मला शिकवलीस. मी घरी आलो आणि बाबांवर ओरडलो, ते तुझ्यासाठी होतं. तू कच्ची पपई चिरत होतीस. मला वाटलं, आता सुरी खाली ठेवेल, आता म्हणेल, बास, मी केलंय हे. तू चिरतच राहिलीस.'

वाचलं आणि पायरीवर बसले. हो, चिरत राहिले. एकसारख्या फोडी केल्या, अजून डोळ्यांपुढे आहेत.

पण तू? तू कोण रे मोठा न्यायाधीश? माहीत होतं तर माझी वेणी धरून ओढायचीस. म्हाताऱ्याला कशाला पणाला लावलंस? आणि अकरा वर्षं त्या खोट्या रागाच्या पांघरुणात छान झोपलास! घरी पत्र नाही, बापाला औषध नाही, 'ते मिंधे आहेत' म्हटलं की झालं. बाबा दर रविवारी दुपारी पोस्टमास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसायचे, माहितीये? रविवारी! पोस्ट बंद असतं म्हणून. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आज बंद आहे ना, म्हणून पत्र नाही."

मी मका खाल्ला, तू राग खाल्लास. उपाशी राहिला तो म्हातारा.

शेवटी लिहितोस, 'मला पाकिटातून कबुली नको. जिथे रोज खोटं बोलतेस तिथे, त्या फोटोपुढे, त्या लोकांसमोर सांग. मग मी येतो.' मग कधी? पेटी शुक्रवारी दारात पाहिजे.

परवा, गुरुवारी, किल्ल्यात माजी सैनिकांचा वार्षिक दिवस आहे. नाना येणार आहेत. पाहुण्यांना फिरवायचं काम माझ्याकडेच आहे.

दुफी


२८ मार्च १९९४

बोआदू,

सांगितलं. पण तुला हवं होतं तसं नाही. ऐक.

गुरुवारी बारा-तेरा जण होते. नाना पदकं लावून, कप्तानसाहेब, त्यांची बायको, दोन पत्रकार, राजधानीतले दोन अधिकारी. बर्माच्या खोलीत आलो. नाना फोटोपुढे उभे राहिले, छाती काढून, दोन कान घेऊन. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं आणि बोलले, "हे सार्जंट क्वाबेना अदुसेई. बर्मा, १९४४." अकरा वर्षांची सवय जिभेला. पत्रकारानं लिहून घेतलं. मला स्वतःची किळस आली.

मग काळी खोली. तुला आठवत असेल, लहानपणी आपण तिच्या दाराला कान लावायचो. फाशीचे कैदी ठेवायची खोली, खिडकी नाही, फट नाही. वाटाड्याची रीतच आहे, पाहुण्यांना आत घ्यायचं, आपण बाहेर यायचं, दार लावायचं आणि तीसपर्यंत मोजून उघडायचं. आधी सगळे हसतात. दहापर्यंत हसतात, मग गप्प होतात. कप्तानांची बायको म्हणाली, "अगंबाई, मला नाही जमायचं," तरी आत गेली. नाना पण गेले, पुढाऱ्याला मागे राहता येत नाही.

मी दार लावलं. मोजलं. तीस झाले. हात अडसराकडे गेलाच नाही.

आतून कुणीतरी म्हणालं, "बाई, झालं की!" मी दाराला कपाळ टेकवलं आणि बोलले. फोटोतल्या माणसाचा डावा कान अर्धा आहे, म्हटलं. नानांना दोन कान आहेत, बाहेर आल्यावर बघा. तो माणूस याव ओपोंग, माझा बाप. नानांच्या जागी गेला, त्यांच्या नावानं लढला. आणि अर्ज मागे घेतल्याचा कागद मी लिहिला, मक्याच्या पोत्यासाठी आणि या नोकरीसाठी. बापाचा अंगठा तापात धरून उठवला. सगळं सांगितलं. रडले नाही.

मग आतून नानांचा आवाज आला. ओळखीचा, जरा कापरा. "दार उघड, दुफी. खरं आहे. याव गेला होता. मी घरी होतो. आता दार उघड."

उघडलं. सगळे डोळे चोळत बाहेर आले. मी विचारलं, "ऐकलंत ना सगळ्यांनी?" कप्तान माझ्यावर उखडले, "पाहुण्यांना कोंडता? अक्कल आहे का?" मी म्हटलं, "ते आत काय म्हणाले, ऐकलंत ना?" कप्तान म्हणाले, "अंधारात कोण काय बोललं, कुणाला दिसलं?" पत्रकार वही खिशात घालत होता. तो बुटाकडे बघत म्हणाला, "मला नाव नीट ऐकू आलं नाही." नाना चष्मा पुसत होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "नाना, तुम्हीच बोललात ना?" त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हल्ली मला कमी ऐकू येतं गं, पोरी."

जेवणाच्या सुट्टीआधी किल्ल्या काढून घेतल्या माझ्याकडून. पाटी आहे तशी आहे. तर बाबा रे, तुझी अट मी पुरी केली, दाराआडून का होईना. तू कुठे होतास?

शुक्रवारी दुपारी नानांची लॉरी आली. पितळी कड्यांची पेटी, वर झालरीचं कापड. इतकं झाल्यावरही पाठवली! लाज नावाची चीज त्यांच्या घरात कधी राहिलीच नाही. पण मी आदल्याच संध्याकाळी सुताराकडून पेटी आणून दारात ठेवली होती. साधं वावा लाकूड, रंधाही घाईत मारलेला. झाकणावर त्याच्याकडून काळ्या रंगात लिहून घेतलं, 'याव ओपोंग, सार्जंट'. बाबांचं नाव आणि हुद्दा एकत्र पहिल्यांदाच कुठे लिहिला गेला. ती अक्षरं शनिवारी मातीखाली गेली.

मी लॉरीवाल्याला म्हटलं, "मुलांची पेटी आली आहे. ही परत ने." ग्याउकाका बाहेर आले. त्यांनी झाकण वाचलं, हात फिरवला. मग हळूच विचारलं, "मुलांची म्हणजे कुणाची? दुफी, एकट्या बाईची पेटी म्हणून पुकारलं तर उद्या लोक म्हणतील यावला मुलगा नव्हता. आहे का तो इथे?" नाना लॉरीत पुढच्या सीटवर बसलेले, खिडकीतून ऐकत होते. सगळी गल्ली ऐकत होती.

मी म्हटलं, "बोआदूनं पाठवली. आम्ही दोघांनी."

शनिवारी भोंग्यावरून तीनदा पुकारलं. 'याव ओपोंग यांची पेटी त्यांचा मुलगा बोआदू, हॅम्बुर्ग, आणि मुलगी दुफी यांच्याकडून.' बायकांनी हुंकार दिला. म्हातारे माझ्याशी हात मिळवायला आले, "मुलानं शेवटी बापाचं राखलं हो," म्हणाले. नाना तिसऱ्या पुकाऱ्याला उठून गेले. तू का दिसत नाहीस विचारलं तर मी म्हटलं, विमान चुकलं.

तर घे. तुझ्या नावानं मी पुन्हा अंगठा उठवला. या वेळी ताप कुणालाच नव्हता. साऱ्या गावात तू आता चांगला मुलगा आहेस, बाबा ज्या नावानं लढले त्याच्याइतकाच खरा.

मी हे खोडणार नाही. माझं खोडायचं ते काळ्या खोलीच्या दाराशी खोडून झालं. तुझं तू बघ. इथे ये, ग्याउकाकांच्या अंगणात उभा राहा आणि भर दिवसा, सगळ्यांसमोर सांग की बापाची पेटी मी आणली नव्हती.

दुफी